कलम दोन, पोटकलम दोन

कौटुंबिक कायद्याचा तास चालू होता. हिंदू विवाह कायदा, १९५५. कलम दोन, पोटकलम दोन. केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढली नसेल तर हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, एवढंच ते पोटकलम सांगतं. खानदेशातल्या एका विधी महाविद्यालयात मी तेव्हा नवा होतो. सगळे करतात तेच मीही केलं. वाक्य वाचलं आणि कलम तीनकडे वळलो. तिसऱ्या बाकावरून धडगावकडच्या एका मुलाने हात वर केला.

"सर, मग आम्हाला कोणता?"

"तुमची रूढी."

"ती कोणत्या पुस्तकात आहे?"

"ते परीक्षेला नाही," मी म्हणालो. वर्ग हसला, तोही हसला, आणि आम्ही कलम तीनमधल्या व्याख्या सुरू केल्या.

त्याच अभ्यासक्रमात पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा मात्र होता, आणि तो मी मन लावून शिकवायचो. २०११च्या जनगणनेत देशभरात पारशी ५७ हजारांच्या आसपास होते. आदिवासी एकट्या महाराष्ट्रात १ कोटी ५ लाख आणि देशात १० कोटींच्या वर. पारशी कायदा काढून टाका असं मी म्हणत नाहीये. उलट त्यातली एक गोष्ट मला फार आवडते: पारशी दाम्पत्याचा तंटा चालतो तेव्हा न्यायाधीशाबरोबर त्या समाजातले नेमलेले प्रतिनिधी बसतात आणि घडलं काय याचा निर्णय ते देतात. समाजाचा तंटा, समाजाची माणसं. हे आम्ही 'कायदा' म्हणून शिकवतो. पावरा, गोंड, कोरकू पंच असेच बसले तर ती 'संस्कृती' होते, आणि तिचा पेपर समाजशास्त्राच्या इमारतीत असतो.

मला भांडायचंय ते या एका गोष्टीवर. आदिवासींचा कायदा आपल्या विद्यापीठांनी कायदा म्हणून कधी मान्यच केलेला नाही. त्यामुळे या विषयात आयुष्य घालवू इच्छिणाऱ्या माणसाला, विशेषतः आदिवासी मुलाला, विधी शाखेत जागा नाही. त्याला दुसरं काहीतरी व्हावं लागतं: मानवशास्त्रज्ञ, कार्यकर्ता, एखाद्या प्रकल्पाचा सल्लागार, नाहीतर कंपनी कायद्याचा मास्तर.

राज्यघटनेला ही अडचण कधीच नव्हती. अनुच्छेद १३मध्ये 'कायदा' या शब्दाची व्याख्या आहे आणि तिच्यात कायद्याचं बळ असलेली रूढी आणि वहिवाट स्पष्ट शब्दांत धरलेली आहे. १९९६चा पेसा कायदा तर त्याच्या पुढे जातो. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींबद्दल राज्य जो कायदा करील तो तिथल्या रूढीप्राप्त कायद्याशी, सामाजिक-धार्मिक प्रथांशी आणि सामूहिक साधनसंपत्ती सांभाळण्याच्या पारंपरिक पद्धतींशी सुसंगत असला पाहिजे, असं त्याचं कलम चार सांगतं. म्हणजे विधिमंडळाने कायदा करायचा तो रूढी बघून. आता सुसंगत आहे की नाही हे ठरवणार कोण? त्यासाठी रूढी माहीत असलेला आणि कायदाही माहीत असलेला माणूस लागेल. महाराष्ट्रात तेरा जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. तेरा जाऊ द्या, एका जिल्ह्यापुरता असा माणूस कुठल्या विधी विभागात पगारावर आहे का, हे एकदा सहज विचारून बघा.

पुराव्याच्या कायद्याचंही तेच. एखादी रूढी आहे की नाही असा वाद असेल, तर ती असल्यास जिला माहीत असणं साहजिक आहे अशा व्यक्तीचं मत ग्राह्य धरावं, अशी तरतूद ब्रिटिश काळापासून आहे आणि नव्या साक्ष अधिनियमातही ती टिकली आहे. तिथे पदवी विचारलेली नाही. वनहक्क कायद्याच्या नियमांतला तेरावा नियम दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं निवेदन पुरावा मानतो. जुनी विहीर, बांध, दफनभूमी, देवाची जागा यांनाही पुरावा मानतो. म्हणजे कोर्टाच्या लेखी पाड्यावरची म्हातारी जाणकार आहे. विद्यापीठाच्या लेखी ती 'प्रतिसादक' आहे, आणि प्रबंधात तिचा क्रमांक बहुधा सतरा असतो.

ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगतो. एडी कोइकी माबो हा टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरचा माणूस. १९६७ ते १९७५ तो टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात माळी होता. दुपारच्या सुट्टीत हेन्री रेनॉल्ड्स आणि नोएल लूस या दोन इतिहासकारांशी त्याच्या गप्पा चालायच्या. मेरवरच्या आपल्या जमिनीबद्दल तो बोलायचा, जशी आपल्याकडे मुंबईतला गिरणी कामगार कोकणातल्या वाडीबद्दल बोलायचा तशी. एक दिवस त्या दोघांना सांगावं लागलं की कायद्याने ती जमीन तुझी नाही, ती सरकारची आहे. माबोला धक्काच बसला. आपल्या हद्दीचे दगड, झाडं, वारस ही सगळी व्यवस्था कुणाच्या कायद्यात नाहीच, हे त्याला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मे १९८२मध्ये दावा दाखल झाला. दहा वर्षं चालला. ३ जून १९९२ला ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने सहा विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की ब्रिटिश आले तेव्हा ती भूमी कायद्याच्या दृष्टीने रिकामी होती, हे गृहीतक टिकत नाही. पुढच्या वर्षी संसदेने कायदा केला. माबो निकालाआधीच, जानेवारी १९९२मध्ये, वारला होता. आता त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्याचं नाव आहे.

ही गोष्ट सांगताना दोन धागे सुटतात, म्हणून ते मुद्दाम धरतो. एक, सगळ्या खटल्याचा सर्वांत मोठा विधिज्ञ त्या विद्यापीठात बागेला पाणी घालत होता. त्याच्याकडे मेरचा कायदा होता. विद्यापीठात तो शिकवण्याची जागा नव्हती. दोन, ज्या न्यायाधीशाने प्रत्यक्ष पुरावा नोंदवला त्याने माबोचा स्वतःच्या तुकड्यांवरचा वैयक्तिक दावा मान्य केलाच नाही, कारण तो ज्या घरात दत्तक वाढला त्या दत्तकाचा आणि वारशाचा पुरावा त्या न्यायाधीशाला पटला नाही. देश जिंकला, स्वतःचा तुकडा हरला. रूढीतलं दत्तक म्हणजे नेमकं काय, हे कोर्टाला समजेल अशा भाषेत मांडणारी माणसं तयार करायला एक पिढी लागते. ती पिढी तिथे नंतर तयार झाली.

कॅनडात हेच जास्त खरखरीत पद्धतीने घडलं. गिट्कसान आणि वेट्सुवेटेन लोकांच्या प्रमुखांनी ब्रिटिश कोलंबियातल्या ५८ हजार चौरस किलोमीटर मुलखावर दावा लावला. साडेतीनशेहून जास्त दिवस सुनावणी झाली. त्यांच्याकडे जमिनीची कागदपत्रं नव्हती. घराण्याच्या कथा होत्या आणि त्या कथांमधली गाणी होती. मेरी जॉन्सन नावाची वृद्ध स्त्री साक्षीला उभी राहिली आणि गाणं म्हणायची वेळ आली, तेव्हा न्यायाधीशांनी अडवलं. मला गाण्याचा कान नाही, गाऊन काही उपयोग व्हायचा नाही, असा त्यांचा सूर होता. तरी ती गायली. १९९१मध्ये दावा फेटाळला गेला. दावेदारांच्या बाजूने बोललेल्या मानवशास्त्रज्ञांना तर न्यायाधीशांनी जवळजवळ बाजूलाच सारलं: तुम्ही या लोकांत वर्षानुवर्षं राहिलात, तेव्हा तुम्ही तटस्थ नाही.

हे वाचताना मला दर वेळी हसू येतं. कर सल्लागार करदात्यांत राहतो, बँकिंगचा प्राध्यापक बँकांच्या चर्चासत्रांत जेवतो, आणि त्यांच्या तटस्थपणाची चौकशी कुणी करत नाही.

डिसेंबर १९९७मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तोंडी इतिहासाला कागदाच्या बरोबरीने तोललं पाहिजे असं म्हटलं आणि खटला नव्याने चालवायला सांगितलं. नवा खटला कधी चाललाच नाही. पण विद्यापीठांत फरक पडला. जॉन बोरोज आणि व्हॅल नेपोलियन, दोघंही तिथल्या मूळ समाजांतले कायद्याचे प्राध्यापक; त्यांनी मांडलेला विचार असा की या कथा म्हणजे कायद्याचा पुरावा नव्हेत, त्या स्वतःच कायद्याचा निवाडा आहेत, आणि निवाड्यासारख्याच त्या वाचायला शिकवल्या पाहिजेत. व्हिक्टोरिया विद्यापीठात २०१८पासून चार वर्षांचा अभ्यासक्रम चालू आहे. विद्यार्थी दोन पदव्या घेऊन बाहेर पडतो, एक कॅनडाच्या कायद्याची आणि एक मूळ रहिवाशांच्या कायद्यांची. काही काळ त्याला त्या समाजांत जाऊन शिकावं लागतं.

म्हणून तिथे रामराज्य आलं असं समजू नये. त्याच वेट्सुवेटेन लोकांच्या मुलखातून गॅसची पाइपलाइन नेताना २०१९ आणि २०२०मध्ये पोलिसांनी माणसं उचलली. पदवी एकीकडे आणि नाकाबंदी दुसरीकडे, दोन्ही एकाच प्रांतात. पण त्या नाकाबंदीवर वाद झाला तेव्हा वंशपरंपरागत प्रमुखांचा अधिकार मोठा की सरकारमान्य समितीचा, यावर त्यांच्याच कायद्याच्या भाषेत बोलणारे वकील आणि प्राध्यापक हजर होते. आपल्याकडे असा प्रसंग आला की वाहिनीवर एक निवृत्त सनदी अधिकारी आणि एक आमदार बसतात.

आता गंमत बघा. सप्टेंबर २००७मध्ये मूळ रहिवाशांच्या हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांत मताला आला तेव्हा १४४ देश बाजूने होते आणि फक्त चार विरोधात: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. ज्यांच्या विद्यापीठांत हा विषय भरभराटीला आला नेमके तेच. भारत बाजूने होता. पण आपल्या सरकारची भूमिका अशी की भारतात सगळेच मूळचे, त्यामुळे हा जाहीरनामा आपल्याकडे कुणा एकाला लागू होत नाही. जेवणाच्या पंगतीला सर्वांच्या आधी बसायचं आणि वाढायला आले की मला उपास आहे म्हणायचं, असा हा प्रकार. दरम्यान ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, नंदुरबारपासून पालघरपर्यंत ढोल वाजतात, डीजे लागतात, मंत्री शुभेच्छांचे फलक लावतात. १९८२मध्ये याच तारखेला जिनिव्हात मूळ रहिवाशांच्या प्रश्नावरच्या गटाची पहिली बैठक झाली होती. माबोचा दावा त्याच वर्षीचा.

शब्दांबद्दल जाता जाता एक. 'मूलनिवासी' म्हटलं की महाराष्ट्रात बहुजन राजकारणाचा एक वेगळा प्रवाह डोळ्यांसमोर येतो. 'वनवासी' म्हटलं की आणखी वेगळा. म्हणून मी 'आदिवासी'च म्हणतो. घटना समितीत जयपालसिंह मुंडांनी डिसेंबर १९४६मध्ये स्वतःला अभिमानाने जंगली म्हणवून घेतलं आणि वर सुनावलं की आदिवासींना लोकशाही शिकवायला येऊ नका, ती त्यांच्याकडून शिका. ऑक्सफर्डला शिकलेला, १९२८च्या ऑलिम्पिकमधला हॉकीचा कप्तान. तो दुसरं वाक्य सौजन्य म्हणून बोलला नव्हता; तो अभ्यासक्रमाचा प्रस्ताव होता असं मला वाटतं. अठ्ठ्याहत्तर-ऐंशी वर्षं झाली, तो कुठल्याच अभ्यास मंडळापुढे आलेला नाही.

आपल्याकडे या विषयातलं बौद्धिक काम झालं नाही असं मुळीच नाही. ते विधी विभागाबाहेर झालं. पेसाच्या मागे ज्यांची विचारशक्ती होती ते ब्रह्मदेव शर्मा गणितातले डॉक्टरेट आणि पेशाने सनदी अधिकारी. रामदयाल मुंडा भाषाशास्त्राचे. अमेरिकेत मिनेसोटात शिकवत होते, रांचीला परत आले, विभाग उभा केला, कुलगुरू झाले आणि जिनिव्हाच्या त्या गटात आदिवासींची बाजू मांडत राहिले. २०१३ साली केंद्राने नेमलेल्या उच्चस्तरीय समितीचे अध्यक्ष व्हर्जिनियस खाखा समाजशास्त्राचे. एक गणिती, एक भाषाशास्त्रज्ञ, एक समाजशास्त्रज्ञ. कायद्याचे प्राध्यापक तेव्हा काय करत होते? मी माझ्यापुरतं सांगतो: मी भागीदारी अधिनियमाच्या नोट्स काढत होतो.

आणि गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. २००९मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी त्यांना पुन्हा भांडावं लागलं, हेही वर्तमानपत्रांत आलं. पण माझ्या लेखी त्या गावाची सर्वांत मोठी कमाई दुसरीच आहे: त्यांचा अभ्यासगट. ग्रामसभा निर्णय घेते, तोही सर्वांच्या सहमतीने. अभ्यासगट निर्णय घेत नाही. तो वाचतो, विचारतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावून उलटतपासणी करतो. कायदा काय म्हणतो, वनखातं काय म्हणतं, आपण काय म्हणतो. विचार आणि सत्ता यांच्यात असं अंतर राखणं आमच्या कित्येक अधिसभांना जमलेलं नाही. तिथे गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या समोर बसून कलम समजावून सांगणं ही माझ्या मते कुठल्याही पीएच.डी.च्या मौखिक परीक्षेपेक्षा अवघड गोष्ट आहे, कारण समोरच्याला त्या कलमावर उद्या जगायचं असतं.

असा प्रसंग माझ्यावर एकदा आला, आणि मी त्यात नापास झालो.

सातपुड्यातल्या एका पाड्यावर वनहक्काचे दावे भरायचे होते. धडगावचा तो मुलगा तोवर वकील झाला होता. त्याने मला बोलावलं. गाव त्याचं नव्हे, पण भाषा तीच. ओसरीवर एका आजोबांनी प्लॅस्टिकची पिशवी उपडी केली. आत दंडाच्या पावत्या होत्या. वनखात्याने अतिक्रमण म्हणून वर्षानुवर्षं ठोकलेला दंड, दोन रुपये, पाच रुपये, पावतीवर फिकट झालेला शिक्का. ज्या कागदांनी त्यांना गुन्हेगार ठरवलं तेच आता ताब्याचा पुरावा होते. त्यांनी ते जपून ठेवले होते, का ते त्यांनाही नीट सांगता येईना. "सरकारचा कागद आहे, फेकायचा कसा?" एवढंच म्हणाले.

मग निवेदन लिहायला घेतलं. नेवाड, म्हणजे जंगलात काढलेली शेतजमीन, कुणाची, कधीपासून, हद्द कुठवर. शेजारच्या नेवाडीबद्दल दुसरे एक म्हातारे पावरीत सांगत होते, तो मुलगा मराठीत सांगत होता, मी लिहीत होतो. एका डोंगरकुशीबद्दल त्यांनी एक शब्द वापरला. मी लिहिलं, 'मालक'. मुलगा वाकून बघत होता. म्हणाला, "सर, मालक नाही. ज्याच्या घराण्याने तिथे आधी पूजा द्यायची, मग बाकीच्यांनी पेरायचं, तो." मी विचारलं, मग जमीन कुणाची? त्याने विचारलं, आजोबांनी सांगितलं, त्याने परत सांगितलं: "पेरतो त्याची. पण त्याच्याआधी पेरता येत नाही." मी पेन थांबवलं. ताबा, मालकी, सुविधाधिकार, विश्वस्त, वहिवाट, माझ्या पोतडीत होते तेवढे शब्द लावून पाहिले. एकही बसेना. शेवटी वेळ होत होता म्हणून 'परंपरेने मान असलेली व्यक्ती' असं काहीतरी लिहिलं. मान! अधिकार होता तो, मी त्याचा मान करून टाकला. कोर्टात गेल्यावर त्या वाक्याचं वजन शून्य.

त्या एका दिवसावर मी दोन शोधनिबंध लिहिले. एक इंग्रजीत, दिल्लीच्या परिसंवादात वाचलेला. दोन्हींचे गुण माझ्या पदोन्नतीच्या तक्त्यात जमा झाले. निवेदनं लिहून घेण्याचा दिवस 'विस्तारकार्य' या रकान्यात गेला; त्याला फार काही मिळत नाही. त्या दाव्यांचं पुढे काय झालं हे मी चार वर्षं विचारलं नाही. या विषयातली कारकीर्द म्हणजे काय, हे सांगायला मला याहून प्रामाणिक उदाहरण सापडत नाही. माणूस तिथे जातो, तिथलं आणतो, इथे खर्च करतो. विषयावर प्रेम असूनही असंच होतं, कारण मोजमाप तसंच आहे.

माझ्या या म्हणण्यावर येणारे आक्षेप मी ऐकले आहेत, बरेचसे स्टाफरूममध्ये. त्यातला 'पण नोकऱ्या कुठे आहेत' हा मी आक्षेप मानत नाही. जागा काढल्या की नोकऱ्या असतात. 'रूढी तोंडी असतात, पाड्यागणिक बदलतात, त्या शिकवणार कशा' हा थोडा खरा आहे. इंग्रजांनी जिथे जिथे रूढींची यादी करून छापली तिथे त्या गोठल्या, आणि गावातल्या दांडग्यांनी सांगितलेली रूढीच खरी ठरली. म्हणून संहिता नकोच. पण इंग्लंडचा कॉमन लॉ आपण संहिता म्हणून शिकतो का? निवाडे वाचतो, त्यांतून नियम काढतो, त्यावर भांडतो. रूढीही तशीच शिकवता येईल, तंट्यांमधून. पंच कशावरून बसले, काय विचारलं, कुणी मानलं नाही, मग काय झालं.

खरा आक्षेप बायकांचा आहे, आणि तो मला बऱ्याच बैठकांत बायकांनीच ऐकवला आहे. रूढी म्हणाल तर मुलीला जमीन नाही. रूढी म्हणाल तर कुणाला डाकीण ठरवतील. हे टाळून रूढीचं कौतुक करणाऱ्या विद्वानांचा मला कंटाळा आहे. पण जुलै २०२५मधला सर्वोच्च न्यायालयाचा छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबातल्या वाटणीचा निकाल बघा. आईच्या बाजूने आलेला हिस्सा मागणाऱ्या वारसांना खालच्या न्यायालयांनी सांगितलं होतं की स्त्रियांना वारसा मिळतो अशी रूढी तुम्ही सिद्ध करा. ती सिद्ध झाली नाही, दावा गेला. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्नच उलटा केला: स्त्रियांना वारसा नाही अशी रूढी तरी कुठे सिद्ध झाली आहे? नसेल, तर समानता. निकाल चांगला आहे. पण तीन पायऱ्या चढेपर्यंत त्या प्रकरणात गोंड रूढी नेमकी काय म्हणते हे भरवशाने सांगणारं कुणी नव्हतं, दोन्ही बाजूंना. रिकाम्या जागेवर निकाल लागला. सुदैवाने तो बाईच्या बाजूने लागला. दर वेळी लागेलच असं नाही. रूढीतला अन्याय उघडा करायलाही रूढी अभ्यासलेली माणसं लागतात, आणि ती त्या समाजातली बाई असेल तर तिच्यासमोर पंचांनाही 'आमच्यात असंच असतं' म्हणणं जड जाईल.

मला नवं अध्यासन नको आहे. अध्यासन म्हणजे एक पाटी, एक उद्घाटन, भिंतीवर वारली चित्र आणि पुढे मानद संचालक. मला साध्या गोष्टी हव्यात, आणि त्या साध्या आहेत म्हणूनच कुणी करणार नाही अशी भीती आहे. बार कौन्सिलच्या अनिवार्य विषयांच्या यादीत करांचा कायदा आहे, कंपनी कायदा आहे, आदिवासींचा नाही. तो यावा, निदान अनुसूचित क्षेत्राची जबाबदारी असलेल्या महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी तरी तो आपल्यापुरता आणावा. त्या पेपरच्या शिक्षकाला गोंडी, माडिया, पावरी, कोरकू यांपैकी एक भाषा आली पाहिजे, ही अट जाहिरातीत असावी. आपण फ्रेंच कायद्यावर बोलणाऱ्याला फ्रेंच येतं का हे विचारतो. शिकवायला पाड्यावरचे जाणकार यावेत आणि त्यांना पाहुण्या प्राध्यापकाचं मानधन मिळावं, शाल-नारळ नव्हे. आणि या विषयावरचा प्रबंध ज्या गावांतून उभा राहिला त्या गावांच्या ग्रामसभेत, त्यांच्या भाषेत, मांडल्याशिवाय त्याची मौखिक परीक्षा होऊ नये. लोक हरकती घेतील, काही उगाच घेतील. घेऊ देत. बाहेरून आलेला परीक्षक तरी कुठे नेहमी शहाणा असतो?

ओडिशातल्या नियमगिरी डोंगराचं उदाहरण यासाठीच लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०१३च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या डोंगरावरच्या खाणीचा देवस्थानाशी आणि लोकांच्या हक्कांशी संबंध येतो का हे ग्रामसभांनी ठरवावं. बारा ग्रामसभा झाल्या, जिल्हा न्यायाधीश निरीक्षक म्हणून बसले, आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींनी त्या सभांत जे सांगितलं ती साक्ष होती, धर्म होता, आणि जमिनीच्या कायद्याचं विवेचनही होतं. त्यातलं विवेचन कोणत्या विधी महाविद्यालयात वाचलं जातं? निकालाचा उल्लेख पर्यावरण कायद्याच्या पेपरात येतो, पाच गुणांची टीप म्हणून. ग्रामसभांत काय बोललं गेलं ते येत नाही.

धडगावचा तो मुलगा पुढे एलएल.एम. झाला, नेट झाला. रूढी आणि वनहक्क यांवर काम करायचं म्हणून पीएच.डी.ला अर्ज केला, तर मार्गदर्शक मिळेना; एकाने सुचवलं, विषय थोडा बदल, 'आदिवासी भागातील कंपन्यांची सामाजिक जबाबदारी' असं काही घे, चटकन होईल. पूर्णवेळ जागांच्या जाहिराती येतात त्यांत विशेषीकरण फौजदारी कायदा नाहीतर व्यापारी कायदा असतं. सध्या तो एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. शनिवारी दुपारी एसटी धरून पाड्यांकडे जातो, रविवारी रात्री परत. दोन वह्या आहेत त्याच्या. एकीत पंचांपुढे आलेले तंटे, दुसरीत शब्द. माझ्या 'मालक' या चुकीपासून ती दुसरी वही सुरू झाली असं तो सांगतो, आणि मला बरं वाटावं म्हणून हसतो.

या वर्षी त्याला कौटुंबिक कायदा मिळाला आहे. कलम दोन, पोटकलम दोनवर त्याने चार तास घेतले. वर्गातल्या भिल्ल, पावरा, कोकणी मुलांना घरी जाऊन विचारायला लावलं: तुमच्या आजीचं लग्न कसं ठरलं, देज किती, मोडलं असतं तर कुणी काय परत करायचं होतं. मुलांनी लिहून आणलं. एकीने तिच्या आजीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून आणला. तेवढ्यात पोर्शन मागे पडला, म्हणून त्याच्याकडे लेखी खुलासा मागितला आहे. काय लिहू, असं विचारायला परवा त्याचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होतो. उलट फोन अजून केलेला नाही.